होडीच्या नाकावरचा शेंदूर

धाराशिव जिल्ह्यात राहून मी होड्या दुरुस्त करतो असं सांगितलं की माणसं आधी हसतात. "प्यायला पाणी न्हाय आन होड्या कुठल्या हो मिस्तरी?" हा विनोद मी इतक्यांदा ऐकलाय की आता समोरच्यानं तोंड उघडायच्या आत मीच तो करून टाकतो. तेवढाच वेळ वाचतो.

माझा धंदा फायबरचा. पाण्याच्या टाक्या, बाथरूमचे दरवाजे, शाळेच्या घसरगुंड्या, धाब्यापुढं उभी करायची पांढरी बैलजोडी, असलं सगळं. होड्या वर्षाकाठी दोन, फार तर तीन. आपल्याकडं धरणं आहेत, त्यात मासे धरणारी माणसं आहेत, म्हणून होड्याही आहेत. तरुणपणी पुण्याकडं एका कारखान्यात हेच काम शिकलो आणि मग बेंबळीच्या रस्त्याला शेड टाकून बसलो. आता साठीला आलो. कंबर धरते, नाकातून रेझिनचा, त्या चिकट रसायनाचा, वास जात नाही, आणि फायबर घासल्यावर उडणारी बारीक काच कातडीत जाऊन बसते ती बसतेच. बायको माझे कपडे घरच्या कपड्यांत धुवत नाही. "तुमचा सदरा म्हंजी कुसळाचं रान," म्हणते. खोटं नाही. पण तीस वर्षं तेच ऐकून माणूस बेजार होतो.

हे सांगायचं कारण एक होडी. सोनारीच्या अलीकडं धरणाचा फुगवटा आहे, त्याच्या काठावर म्हातारे नवरा-बायको मासे धरून राहतात. मी त्यांना मामा आणि मामी म्हणतो. नात्यानं कुणीच नाही, पण त्या वयाच्या माणसाला आणखी काय म्हणणार? मामी होडी वल्हवायची आणि मामा होडीच्या पुढच्या टोकावर उभा राहून फेकजाळं टाकायचा. त्या टोकाला ते 'नाक' म्हणतात. दोन पाय फाकवून, गुडघ्यात जरा वाकून मामा नाकावर उभा राहिला की हललेला दिसायचा नाही. जाळं हातातून सुटायचं ते पाण्यावर पडेपर्यंत गोल उघडायचं. जाळं टाकायची पन्नास वर्षांची सवय. दुसरं काही त्याला येत नव्हतं आणि यावं असंही वाटत नव्हतं.

तीन वर्षांमागं एप्रिलात मामाचा फोन आला. "मिस्तरी, होडीला घाम यायलाय. नाकावर पाय दिला की पायाखालनं पाणी येतंय."

मी कपाळावर हात मारला. हे दुखणं मला ठाऊक होतं. होडीच्या नाकावरचा सपाट भाग वरून नुसतं फायबर दिसतो, पण तो पुरणपोळीसारखा असतो. वर एक पापुद्रा, खाली एक पापुद्रा, मधे प्लायवूड. वरच्या पापुद्र्याला कुठं केसाएवढी चीर गेली की पाणी आत शिरतं आणि परत निघत नाही. प्लाय कुजायला लागतं. वरून होडी नवीकोरी दिसते, आतनं भुसा. एखाद्या दिवशी पाय आत जातो तेव्हा कळतं.

गेलो. मोटारसायकलवर ग्राइंडर, रेझिनचा डबा, काचेच्या धाग्यांच्या मॅटची गुंडाळी, सगळं बांधून. ऊन असलं की डोक्यावर तवा ठेवल्यागत. पाणी आटून लांब गेलेलं, होडी काठावरच्या भेगाळलेल्या गाळात ओढून ठेवलेली. मामीनं तांब्याभर पाणी दिलं, मी प्यालो, आणि खिशातून पाच रुपयाचं जुनं जाड नाणं काढलं. तपासायचं माझं हत्यार तेच. नाण्यानं वीत-वीत अंतरावर ठोकत जायचं. चांगल्या जागी टण्ण असा आवाज येतो. ओल धरलेल्या जागी भद्द येतो.

कडेकडेनं टणटण वाजत गेलं. मधे आलो तसा आवाज बसला. मी खडूनं खूण करत गेलो. खूण करता करता हात जिथं पोचला तिथं शेंदूर होता.

नाकाच्या अगदी टोकाला, थाळीएवढ्या जागेत, शेंदराचा बोटभर थर. मूळची शेंदराची सात बोटं ओढलेली होती, साती आसरांची. आसरा म्हणजे पाण्याच्या सात देवी. पाण्यावर पोट असलेली माणसं त्यांना विसरत नाहीत. दर दसऱ्याला तेलात कालवलेला शेंदूर वर वर लावत गेल्यानं सात बोटांची एकच गोल चकती झाली होती. आणि त्याच्या पुढ्यात, त्याच फायबरवर, दर दसऱ्याला नारळ फुटत होता.

"इथं नारळ फोडता?" मी विचारलं.

मामाची छाती फुगली. "मग! आदी आमच्याकडं थर्माकोल हुता. ट्रकच्या टूबी बांधून त्याच्यावर थर्माकोल. त्याच्यावर बसून मासं धरलं आमी एवढं दिस. थर्माकोलवर नारळ कुठं फोडायचा, सांगा? लोकं दसऱ्याला ट्रॅक्टरच्या बंपरवर फोडायची, आमी आपलं धोंड्यावर. होडी आली तवा मामीला म्हनलं, आता आपला बी नारळ आपल्या गाडीवर."

त्याची होडी, त्याचा दसरा. पण ट्रॅक्टरचा बंपर लोखंडाचा असतो आणि होडीचं नाक पापुद्र्याचं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच नारळाला चीर गेली असणार. चिरेवर तेल-शेंदूर बसला आणि ती झाकली गेली. दर वर्षी नवा घाव, दर वर्षी वरून शेंदूर. पाणी आत जायची वाट देवीनं झाकून ठेवलेली.

खात्री करायला मी खडूच्या खुणेत बारीक भोक पाडलं. चांगल्या प्लायचा भुसा पांढरा, कोरडा येतो. इथं निघाला तो चहाचा चोथा. दुसरं भोक शेंदराच्या कडेला पाडलं. तिथं तर चोथ्याबरोबर पाणीच आलं. प्रश्नच मिटला. रोग शेंदराखाली होता.

मी म्हणालो, "मामा, हा शेंदूर काढावा लागंल."

मामा उठून उभाच राहिला. "त्याला हात लावायचा न्हाय. बाकी होडी खुशाल फाडा. आसरांना हात न्हाय."

इथं मी जे केलं ते नीट सांगतो, कारण तेवढ्यासाठीच हे लिहायला बसलोय. मला माहीत होतं की तेल मुरलेल्या जागी रेझिन धरत नाही. मला माहीत होतं की शेंदराखालची चीर तशीच ठेवून बाकीचं नवं केलं तर आतली ओल आतच कोंडली जाणार. मला एवढंच म्हणायचं होतं, "मामा, हे राहिलं तर तुमचा पाय आत जाईल." चार शब्द. पण मग हुज्जत झाली असती. मामीला बोलवा, भावकीला विचारा, गुरवाला विचारा, उद्या या, परवा या. डोक्यावर ऊन, घरी जायला दोन तास, शेडमध्ये टाक्यांचं काम पडलेलं. मी स्वतःला सांगितलं, जाऊ दे, माणसाच्या श्रद्धेला कशाला धक्का लावा. वा रे श्रद्धा! खरं म्हणजे मला कंटाळा आला होता.

मी म्हणालो, "बरं. आजूबाजूनं करून देतो. काय होत न्हाय."

शेंदराची थाळी सोडून बाकीचं कापलं, कुजकं काढलं, आठ दिवस वाळू दिलं, नवं प्लाय बसवलं, वर मॅट आणि रेझिन मारलं. शेंदराच्या कडेला अगदी सुबक जोड दिला. दिसायला लाखात एक. मामा खूश. तिथल्या तिथं त्यानं नारळ आणला आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याच जागी फोडला. मला आवाज ऐकू आला. भद्द. आणि मी हात पुढं करून खोबऱ्याचा तुकडा घेतला, खाल्ला, आणि घरी आलो.

पुढल्या पावसाळ्यानंतर, थंडीत, मामीचा फोन आला. मामीचा फोन कधी यायचा नाही.

मामा नाकावर उभा होता. जाळं भरून आलं, त्यानं जोर लावला आणि शेंदराच्या कडेला, माझ्या जोडाशीच, उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. फुटलेलं फायबर म्हणजे काचच. पोटरी उभी फाटली. वरून वजन पडून गुडघा फिरला. मामीनं एकटीनं होडी काठाला आणली, मामा तसाच अडकलेला. परांड्याला टाके घातले. जखम भरली, पण गुडघा पूर्ण वाकेना आणि पूर्ण सरळही होईना. जमिनीवर काठी घेऊन चालता यायचं. हलत्या होडीच्या नाकावर उभं राहणं संपलं.

मी भेटायला गेलो. मामा खाटेवर. मला बघून म्हणाला, "या मिस्तरी. नशिबाचं हाय बगा, दुसरं काय." मी मान हलवली. मला म्हणायचं होतं की नशिबाचं नाही, माझं आहे. चहा प्यालो आणि आलो. आठ दिवस जेवण गोड लागलं नाही. बायकोनं विचारलं, "काय झालंय?" मी म्हणालो, "कंटाळा आलाय." ती म्हणाली, "तुमाला तर तो कायमचाच आलेला असतो."

गेल्या उन्हाळ्यात मामीनंच बोलावलं. "होडी नीट करून द्या. धंदा तर करावा लागंल."

या वेळी मी आधीच ठरवून गेलो होतो. गेल्या गेल्या म्हणालो, "मामी, शेंदूर काढल्याबिगर मी हात लावणार न्हाय."

मला वाटलं आता रडारड होणार. मामी म्हणाली, "मग काढा की. कोन नगं म्हनतंय?"

"पण आसरा..."

"आसरा पान्याच्या हायती. त्यास्नी काय फायबर लागतंय?" असं म्हणून ती खाली काठाला गेली, पाण्यातून सात गोटे वेचून काठावर ओळीनं मांडले. त्यांना शेंदूर लावला, हिरव्या बांगड्या ठेवल्या, खण ठेवला, ओटी भरली. मग परत येऊन होडीच्या नाकावरचा जुना शेंदूर उलथन्यानं खरवडायला लागली. अर्धा तास. मला ज्याची एवढी धास्ती होती, ती गोष्ट त्या बाईनं अर्ध्या तासात उरकली. तीन वर्षांमागं मी मामीला एकदा विचारायला पाहिजे होतं. ती तिथंच होती, तांब्या घेऊन उभी. माझं मलाच लई वाईट वाटलं.

मामा झाडाखाली खुर्चीवर बसून सगळं बघत होता.

मग मी ग्राइंडर लावून ती थाळीएवढी जागा गोल कापून काढली. हातात आला तो तुकडा वरून अजून तांबूस होता. उलटा केला तर खाली प्लाय नव्हतंच. काळा लगदा, त्यात पांढऱ्या अळ्या, आणि माझ्या जुन्या जोडाच्या कडेला रेझिन सुटून आलेलं, कागदासारखं. तुकडा बाजूला टाकायला गेलो तर मामा म्हणाला, "इकडं आना."

दिला. त्यानं तो मांडीवर ठेवला, उलटासुलटा केला, लगद्यात बोट घातलं, सुटलेल्या जोडावरून नख फिरवलं. तिथं कडेला मी पहिल्या वेळी पाडलेलं भोक अजून दिसत होतं. मामानं त्यात काडी घालून बघितली. मग तुकडा खुर्चीखाली ठेवून दिला. आता विचारील, मग विचारील म्हणून मी वाट बघत होतो. त्यानं विचारलं नाही.

या वेळी मी घाई केली नाही. सगळं प्लाय काढलं, तेल मुरलेली जागा चार बोटं पुढं जाऊन कापली, आतून पुसून घेतली आणि होडी तिरकी करून उन्हात ठेवली. रोज संध्याकाळी वर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवायचा. सकाळी उन्हात त्याच्या आतल्या अंगाला थेंब धरले की समजायचं, ओल आहे, अजून थांबा. बारा दिवस मी जाऊन-येऊन होतो. रोज मामा खुर्चीवर, रोज तुकडा खुर्चीखाली. सातव्या दिवशी मामा म्हणाला, "आज कमी हायती थेंब." दहाव्या दिवशी म्हणाला, "दोनच." एवढंच बोलणं. बाराव्या दिवशी प्लास्टिक कोरडं निघालं. मग नवं प्लाय, त्याला आधी चारी कडांनी रेझिन पाजलं, मग वर मॅट, मग घासणं, मग शेवटचा पांढरा थर. सगळीकडं नाणं ठोकून बघितलं. टणटण.

होडी पाण्यात ढकलली. मामा काठी टेकत आला आणि मागं वल्ह्याला बसला. मामी मधे. मी काठावर हात पुसत उभा.

मामी म्हणाली, "चला, बसा."

"मी कशाला?"

"नाकावर आदी तुमी उभं राहा. मग मी राहते."

"मामी, मला पोहता येत न्हाय."

"मला येतंय की," मामा मागून म्हणाला. "काढतो तुमाला. एक पाय चालत न्हाय, हात चालत्यात."

दोघंही हसली. मला हसायला आलं नाही, पण चढलो. पाणी चांगलं खोल होतं तिथवर मामानं होडी नेली. मी नाकावर उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा. फायबरच्या धंद्यात केस पांढरे झाले, पण आपण केलेल्या कामावर आपलंच वजन टाकून मी कधी उभा राहिलो नव्हतो. मामी म्हणाली, "जरा उडी मारा." मी मारली. होडी डुलली, नाक हललं नाही. "आजून एक." दुसरी मारली.

"बास," मामी म्हणाली. मी उतरून मधे बसलो आणि ती लुगड्याचा काष्टा घट्ट करून नाकावर गेली. मामाचं जाळं तिनं खांद्यावर घेतलं, पाय फाकवले आणि फेकलं. ते अर्धंच उघडलं आणि ओल्या गोधडीसारखं पाण्यात पडलं. मामा वल्हं धरून बघत होता. "कोपर वर घे," एवढंच म्हणाला. आपली जागा दुसऱ्यानं घेतलेली तो बघत होता आणि ती बायकोनं घेतली म्हणून त्याला बरं वाटत होतं का वाईट, मला कळलं नाही. मला मात्र माझी चीड आली. त्या जागेवर तो असायला पाहिजे होता.

मामी जाळं ओढायला लागली. तिचं लक्ष तिकडं. तेव्हा मामा हळू म्हणाला, "मिस्तरी, एक इच्यारू? पयल्या येळंला तुमी शेंदराच्या कडंला भोक पाडलं हुतं. तवाच म्हाईत हुतं का तुमाला?"

चारी बाजूंनी पाणी. उठून जायला जागा नव्हती. चहा नव्हता, मोटारसायकल नव्हती.

"व्हय," मी म्हणालो.

मामानं मान हलवली. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं पायाखालची काठी जरा बाजूला सरकवली, वल्हं पाण्यात घातलं आणि म्हणाला, "मग सांगायचं हुतं. म्या ऐकलं नसतं. पण सांगायचं हुतं."

आणि मामीला दुसऱ्यांदा जाळं टाकता यावं म्हणून त्यानं होडी वळवून घेतली.